कोंकणी मिस्सा, मराठी प्रार्थना आणि चर्चला न येणारी मुलगी

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा. तुम्ही श्रीरामपूरकडच्या. यजमानांच्या नोकरीमुळे पाच वर्षांपूर्वी वास्कोजवळ राहायला आलात. इथली मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, कोंकणीत, गाण्यांचं पुस्तक रोमी लिपीत, त्यामुळे रविवार परक्याच्या घरी गेल्यासारखा जातो. अकरावी सायन्सला असलेली मुलगी वर्षभर चर्चला आलेली नाही. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, बैठकीत यजमानांनी हिशेब विचारला तेव्हा कुणीतरी त्यांना ‘घाटी’ म्हटलं, तेव्हापासून तेही घरीच बसतात. शेजारीण एका प्रार्थनासभेला बोलावते, तिथे मराठीतून बोलतात आणि आजार बरे होतात म्हणे. आणि तुम्ही विचारता, ‘चर्च सोडून घरीच प्रार्थना केली तर देवाला चालणार नाही का?’

देवाला चालेल. घरात गुडघे टेकून केलेली प्रार्थना त्याला कमी प्रिय असते, असं कुणी सांगितलं तर मुळीच ऐकू नका. पण तुम्हाला ते झेपणार नाही, असं मला मनापासून वाटतं. मी वसईची. लग्न होऊन १९९४ साली गोव्यात आले. तेव्हापासून धर्मशिक्षणाचे वर्ग घेते आणि आमच्या वाड्यावरच्या ल्हान क्रिस्तांव समुदायाच्या, म्हणजे शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबांच्या छोट्या गटाच्या, बैठका सांभाळते. इतक्या वर्षांत चर्चपासून दुरावलेली माणसं पुष्कळ पाहिली. भांडून, दार आपटून गेलेली त्यांत फार थोडी. बाकीची आधी मागच्या बाकावर सरकली, मग दाराबाहेर आंब्याखाली उभी राहू लागली, मग नाताळ आणि ईस्टरपुरती उरली. एका वर्षी नाताळलाही दिसली नाहीत आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. ज्यांच्या हाती काहीतरी काम होतं, मग ती वेदीवरची फुलं असोत, माइकची वायर असो की आजाऱ्यांची यादी, ती माणसं रुसली, चिडली, पण राहिली. म्हणून तुमच्या सगळ्या प्रश्नांवर माझं सांगणं एकच आहे: चर्चमध्ये काम मागा. ते कसं, हे पुढे सांगते. आधी एक गैरसमज दूर करते.

तुम्ही लिहिलंय, ‘आम्ही इथे पाहुणेच.’ तसं नाही. चर्चची १९८३ ची कायदेसंहिता या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. धर्मग्राम, ज्याला इथे फिर्गज म्हणतात, ते साधारणपणे प्रदेशावरून ठरतं. त्या हद्दीत राहणारा प्रत्येक कॅथलिक माणूस तिथला. कायम राहण्याच्या इराद्याने आलेला पहिल्याच दिवसापासून तिथला होतो. इरादा नसला तरी पाच वर्षं काढली की तो तिथला रहिवासी गणला जातो. नुसत्या तीन महिन्यांच्या वास्तव्यानेही तिथला विगार, म्हणजे फिर्गजीचा प्रमुख धर्मगुरू, तुमचा विगार होतो. ना गावचं आडनाव लागतं, ना कोमुनिदादीत, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेत, हिस्सा, ना कोंकणी. तुम्हाला कुणी आत घ्यायचा प्रश्नच नाही, तुम्ही आत आहातच.

आता भाषेचं. मी नवीन आले तेव्हा वसईची मराठी मिस्सा कानात होती आणि इथलं पुस्तक हाती आलं की डोकं फिरायचं. अक्षरं इंग्रजी, पण वाचायला जावं तर शब्द लागेना. त्या पहिल्या वर्षी पाऊस सरल्यावर सायबीण, म्हणजे मरियामातेची मूर्ती, आमच्या वाड्यावर आली. रोज एका घरातून दुसऱ्या घरात ती मूर्ती न्यायची, तिथे तेर्स (जपमाळेची प्रार्थना) आणि लदीन (गाऊन म्हणायची प्रार्थना) म्हणायचं, आणि मग कागदाच्या पुडीत उकडलेले चणे नि खोबऱ्याचे काप. आमच्या शेजारची एक म्हातारी माझ्या बाजूला बसली. पुस्तक तिनं आपल्या मांडीवर घेतलं आणि बोट शब्दाखाली ठेवून हळूहळू सरकवू लागली. ‘एक्स’ आला की माझ्या कानाशी म्हणायची, ‘हो श.’ तिच्या नखात हळद होती आणि बोट किंचित थरथरत होतं. नऊ रात्रींत मी वाचायला शिकले. आजही एखादं अक्षर अडलं की मला ते बोट दिसतं.

पुढे कळलं की आपल्या भाषेला रोमी अक्षरं हे काही नवीन नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेजुइट १५७९ साली गोव्यात आला आणि इथेच राहिला. त्यानं दहा हजारांहून अधिक ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ रचलं, ते १६१६ साली साष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं. भाषा मराठी, अधूनमधून इथल्या बोलीचे शब्द, आणि छपाई रोमी अक्षरांत. त्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग वाचायला, मन रमवायला आमच्या भाषेत दुसरं पुराण का देत नाही? चारशे वर्षांपूर्वीचा हा प्रश्न आणि तुमचा प्रश्न यांत मला फार अंतर दिसत नाही. आणि तेव्हा पाद्रीनं त्या माणसाला गप्प केलं नाही, लिहायला घेतलं. म्हणजे गोव्याच्या चर्चमध्ये मराठी ही बाहेरून आलेली भाषा नव्हे. हे तुम्ही मान ताठ ठेवून सांगू शकता.

तरीही माझा सल्ला असा, की रविवारची मिस्सा कोंकणीतच ऐका आणि ती शिका. तुम्हाला वाटतं तितकी ती दूर नाही. तुम्ही म्हणता ‘नमो मरिया, कृपापूर्णे’, इथे म्हणतात ‘नमान मोरिये, कुर्पेन भरिल्ले’. तुम्ही म्हणता ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’, इथे ‘आमच्या बापा सर्गिंच्या’. मला तर ‘बापा’ हा शब्द ‘पित्या’पेक्षा जवळचा वाटू लागलाय. आपल्या आज्या तर लॅटिन मिस्सेत बसल्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ साली लोकभाषांना वाट करून दिली. त्याआधी वेदीवरचा शब्द न कळताच त्या हातात जपमाळ घेऊन तासभर बसायच्या. त्यांची श्रद्धा कमी नव्हती. पण त्यांचं मिस्सेबाहेरचं सगळं आपल्या बोलीत होतं, आणि हाच मुद्दा आहे. वसईत माझी आई वारली तो फोन रात्री आला, तेव्हा वीस वर्षांची कोंकणी माझ्या मदतीला आली नाही. तोंडातून मराठीच निघालं. रडायची, देवाशी भांडायची, आजाऱ्याच्या उशाशी बोलायची भाषा आपलीच हवी. ती जागा मिस्सेत शोधू नका, घरात आणि चार कुटुंबांत तयार करा. फादर दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ घरात ठेवा. ‘निरोप्या’ मासिक तुमच्या घरी यायचं असेलच, तुमच्याच जिल्ह्यातल्या केंदळला १९०३ साली ते सुरू झालं. तुमच्या वसाहतीत मराठी बोलणारी आणखी किती ख्रिस्ती कुटुंबं आहेत हे तुम्हाला माहीत आहे का? मी पैजेवर सांगते, विगारांनाही माहीत नसणार. ती यादी करणं हेच तुमचं पहिलं काम होऊ शकतं.

मुलीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण तिथे मी स्वतः चुकलेली आहे.

दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर बिशपांकडून मिळणाऱ्या संस्काराच्या, वर्गात माझ्याकडे एक मुलगा होता. वडील तारवटी, वर्षातले नऊ महिने बोटीवर. एकदा वर्गात त्यानं विचारलं, ‘देव सगळीकडे असतो, मग प्रार्थना करायला इथेच का यायचं?’ प्रश्न साधा होता. मला मात्र पुस्तकाचे दोन धडे संपवायचे होते. मी म्हटलं, ‘आधी धडा पुरा करू, फालतू प्रश्न नंतर.’ ‘फालतू’ हा शब्द मी वापरला. तो खाली बसला. दृढीकरण झालं, फोटो निघाले, बिशपांच्या हातून तेल लागलं, आणि त्यानंतर तो चर्चमध्ये आला नाही. आज तो इंग्लंडमध्ये, स्विंडनला असतो. नाताळला मला न चुकता संदेश पाठवतो. मिस्सेला जातो का, हे मी त्याला विचारत नाही. तो अधिकार मी त्या दिवशी गमावला.

म्हणून सांगते, रविवारी सकाळी सात वाजताची तुमची लढाई आधी थांबवा. ओढून नेलेली मुलगी बाकावर बसेल, पण कान बंद करून. त्याऐवजी तिचे प्रश्न ऐका. तुम्ही तिची तीन कारणं लिहिली आहेत. एक, बिग बँग शिकल्यावर सहा दिवसांची सृष्टी कशी मानायची. दुसरं, धर्मगुरूंबद्दलच्या बातम्या. तिसरं, कंटाळा.

पहिल्याचं उत्तर तिला आवडेल. विश्व एका अतिशय दाट, इवल्याशा आरंभापासून पसरत आलं, ही कल्पना मांडणारा जॉर्ज लमेत्र बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू होता. विश्व प्रसरण पावतं हे त्यानं १९२७ साली मांडलं आणि १९३१ साली ‘आदिम अणू’ची कल्पना पुढे आणली. गळ्यात कॉलर घालून तो ही गणितं करत होता. मग तिला उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांगा. पहिल्यात प्राणी आधी आणि माणूस शेवटी. दुसऱ्यात माणूस आधी आणि प्राणी नंतर. ज्यांनी हे दोन्ही एकाच ग्रंथात जवळजवळ ठेवले, त्यांना ही विसंगती दिसत नव्हती असं थोडंच आहे? ते प्रयोगवहीतली नोंद लिहीत नव्हते. जग कुणाचं आणि माणूस कुणाचा, हे ते सांगत होते. हे तुम्हाला समजावता आलं नाही तरी घाबरू नका. ‘मला माहीत नाही, आपण दोघी वाचू’ हे आईच्या तोंडून ऐकायला मुलांना आवडतं.

दुसऱ्या कारणावर चर्चची बाजू घ्यायला धावू नका. मुलांवर अत्याचार झाले, काही ठिकाणी ते झाकले गेले, हे सत्य आहे आणि तिचा राग रास्त आहे. तिला एवढं सांगा, की पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली प्रत्येक धर्मप्रांताला तक्रार नोंदवण्याची व्यवस्था बंधनकारक केली, आणि आपल्या देशात २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार असा प्रकार माहीत असूनही न कळवणं हा गुन्हा आहे. आमच्या वर्गाचं दार उघडं असतं आणि खोलीत दोन मोठी माणसं असतात. तुमच्या फिर्गजीत तसं आहे का, हे आई म्हणून विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. विचाराच.

कंटाळ्याला मात्र उपदेश लागू पडत नाही. काम लागू पडतं. तिला चर्चला ‘ये’ म्हणू नका. ‘तुझी मदत हवी’ म्हणा. तुमच्या वसाहतीतली लहान मुलं धर्मशिक्षणाला जात असतील, तर घरी कोंकणी पाठ न समजल्यामुळे ती मागे पडत असणार. त्यांना शनिवारी तासभर मराठीतून समजावून सांगायला अकरावीतली मुलगी फार चांगली. आमच्याकडे एका मुलीनं वाचन करायला साफ नकार दिला होता. मग तिच्याकडे आवाजाची यंत्रणा दिली. पहिल्या रविवारी फादरांच्या प्रवचनात माइक दोनदा कुंईं करून ओरडला आणि ती रडवेली झाली. पुढच्या आठवड्यात ती अर्धा तास आधी येऊन वायरी तपासत बसलेली दिसली. तिची श्रद्धा त्यामुळे वाढली का, ते देव जाणे, पण ती रिकाम्या हातानं बसलेली नव्हती. आणि शक्य असेल तर सप्टेंबरात तिला हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला घेऊन जा. लाखांनी माणूस येतो, तुमच्या बोलीत गातो. आपली मुळं कुठली आहेत हे तिला तिथे शब्दांशिवाय कळेल.

आता यजमानांचं. त्यांच्या प्रश्नात काहीही गैर नव्हतं. प्रत्येक फिर्गजीत आर्थिक समिती असलीच पाहिजे आणि भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना दिला पाहिजे, हे त्याच कायदेसंहितेत आहे. चर्चच्या भल्याबद्दल आपलं मत धर्मगुरूंपुढे मांडण्याचा सामान्य माणसाला हक्क आहे, आणि कधी कधी ते कर्तव्यही ठरतं, हेही तिथेच लिहिलंय. फक्त फेस्ताच्या बैठकीत, जिथे आधीच बँड कोणता आणि फोगोटी (फटाके) किती यावर तोंडं लाल झालेली असतात, तिथे हिशेबाचा विषय निघाला की तो आरोपासारखा ऐकू येतो. पुढच्या वेळी त्यांनी लेखी विचारावं, दोन ओळींत.

‘घाटी’ म्हणणाऱ्याबद्दल मी मऊ बोलणार नाही. ते पाप आहे. म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला हिंदू बायाबापे तेल घेऊन ख्रिस्तांवांबरोबर एकाच रांगेत उभे राहतात, शिरगावची देवी लईराई ही तिची बहीण असं मानतात. ज्या भूमीत हे घडतं, तिथे एकाच वेदीवरून ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या भावाला आपण परका म्हणावं, याची मला लाज वाटते. त्या बोलण्यामागची भीती मला ठाऊक आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यात चौघांमागे एक ख्रिस्ती होता. वाड्यावरची घरं बंद पडताहेत, मुलं गल्फला, बोटींवर, इंग्लंडला. ज्या बाकावर सात जणांचं कुटुंब बसायचं तिथे आता दोन म्हातारी माणसं बसतात. आपलं गाव आपल्या हातून जातंय, असं त्यांना वाटतं. पण भीती हे कारण आहे, सबब नव्हे. कोनफ्रारीच्या, म्हणजे चर्चमधल्या मानकरी मंडळाच्या, मानपानात जातीचा पदर इथे पिढ्यान्‌पिढ्या होता, त्याचीही ही एक शेपटी आहे. विगारांना हे कळलं पाहिजे. यजमानांनी एकटं जाऊ नये, समुदायातलं कुणी ज्येष्ठ माणूस बरोबर असावं. जाहीर माफीचा हट्ट नको. काय शब्द वापरला गेला आणि त्यामुळे एक माणूस मिस्सेला यायचा थांबला, एवढं सांगावं. चांगला धर्मगुरू त्या रात्री झोपणार नाही.

शेजारणीच्या प्रार्थनासभेबद्दल थोडक्यात. तिथली माणसं वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. त्यांनी तुम्हाला नावानं हाक मारली, जे आमच्याकडून पाच वर्षांत झालं नाही. पण तीन गोष्टी पाहा. औषध बंद करायला सांगतात का, पैशाचा हिशेब कुणाला दाखवतात, आणि यायचं थांबवलं तर धमकावतात की प्रेमानं जाऊ देतात. तुमच्या सासूबाईंच्या मधुमेहाच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका. आपल्याच बायबलमध्ये सिराकच्या पुस्तकाचा अडतिसावा अध्याय आहे. वैद्याला मान द्या, औषधं देवानेच जमिनीतून उपजवली आहेत आणि शहाणा माणूस ती नाकारत नाही, असं तिथे सांगितलंय. आजाऱ्यांसाठी तैलाभ्यंगाचा संस्कार आपल्याकडे आहेच. तो मरायला टेकलेल्यांसाठीच असतो ही जुनी भीती सोडा आणि सासूबाईंसाठी फादरांना बोलवा.

काम कसं मागायचं ते आता सांगते. रविवारी मिस्सा सुटल्यावर विगारांना गाठू नका. तेव्हा त्यांच्याभोवती दहा माणसं असतात आणि पुढच्या मिस्सेची घंटा व्हायची असते. एखाद्या साध्या दिवशी संध्याकाळी जा. तुमचा बाप्तिस्म्याचा, दृढीकरणाचा आणि लग्नाचा दाखला बरोबर न्या, फिर्गजीच्या वहीत नाव आहे का बघा, नसेल तर घालून घ्या. मग तक्रारीपासून सुरुवात न करता म्हणा, ‘फादर, आमच्या वसाहतीतल्या मराठी कुटुंबांची यादी आम्ही करून देतो. महिन्यातून एक संध्याकाळ आमच्या घरी मराठीतून बायबलवाचन करायची परवानगी द्या.’ मराठी जाणणारा एखादा धर्मगुरू वर्षातून एकदोनदा मिस्सेला मिळेल का, हेही विचारा. मराठीत मिस्सेचे मान्यताप्राप्त पाठ आहेतच, तेव्हा ते देता येण्यासारखं आहे. हो म्हणतील. पहिल्यांदा विसरले तर पंधरा दिवसांनी परत जा. ही माणसं कामात बुडालेली असतात.

पहिल्या बैठकीला चारच जण येतील. चहा करा, एक स्तोत्र वाचा, प्रत्येकाला बोलू द्या, तासाभरात संपवा. आजारी कोण आहे, कुणाच्या मुलाला नोकरी नाही, कोण बाळंत झाली, हे वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी विचारा. शिफ्टमुळे एखादं कुटुंब दोनदा आलं नाही तर फोन करा.

आणि तुमच्या वाड्यावर सायबिणीच्या फेरीची वही कुणाकडे असते ते शोधून काढा. त्यांच्याकडे यंदासाठी तुमच्या घराचं नाव द्या. लदीन कोंकणीतच होऊ द्या, शेवटची एक ‘नमो मरिया’ तुमच्या मुलीला मराठीत म्हणायला सांगा, ती तयार असेल तरच. साधारण तीस माणसं धरा, म्हणजे दोन किलो चणे पुरतील. ते आदल्या रात्री भिजवायला विसरू नका.